पाळी चुकल्यापासून पहिल्या तपासणीपर्यंत: मधले आठवडे जातात कुठे?

गरोदरपणाची पहिली तपासणी बारा आठवड्यांच्या आत व्हायला हवी, हे आता उपकेंद्राच्या भिंतीवरही लिहिलेलं असतं. वाचणारीला वाटतं, बारा आठवडे म्हणजे तीन महिने, पुष्कळ झाले. पण हे आठवडे मोजतात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, आणि त्या दिवशी गर्भ राहिलेलाही नसतो. पाळी चुकली असं लक्षात येतं तेव्हा चार आठवडे आधीच खर्ची पडलेले असतात. हातात उरतात आठ.

ते आठ कसे संपतात ते तारखा घालून बघू. १ जुलैला पाळी आली होती असं धरा. पुढची २९ जुलैच्या आसपास यायला हवी, ती आली नाही. चार-आठ दिवस मागंपुढं होतंच, म्हणून पहिला आठवडा तसाच जातो. मग घरोघरचा ठरलेला सल्ला: दुसरी चुकू दे, मग बघू. दुसरी चुकते २६ ऑगस्टला, म्हणजे आठ आठवडे पूर्ण. त्यानंतर नवऱ्याला सांगायचं, त्यानं आईच्या कानावर घालायचं, सासूबाईंनी कधी न्यायचं ते ठरवायचं. मध्ये गौरी-गणपती, पाहुणेरावळे, लगेच पितृपक्ष. गावात अंगणवाडीत भरणारा आरोग्य व पोषण दिवस महिन्यातून एकदाच, तो हुकला की पुढच्या महिन्यावर. २३ सप्टेंबरला बारा आठवडे पूर्ण होतात. नोंद होते ऑक्टोबरात, पंधराव्या-सोळाव्या आठवड्यात. यात कुणी हलगर्जीपणा केलेला नाही, कुणाचा दवाखान्याला विरोधही नव्हता.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रात ९४ टक्क्यांहून जास्त बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसली. पहिल्या तीन महिन्यांत तपासणी सुरू केलेल्या मात्र साधारण ७० टक्के. ढोबळमानानं शंभरातल्या वीस-पंचवीस जणी अशा निघतात, ज्या बाळंतपणाला दवाखान्यात जातातच पण सुरुवातीला जात नाहीत. त्यांना दवाखाना माहीत आहे, रस्ता माहीत आहे. तेव्हा ‘बायकांना महत्त्व कळत नाही, जनजागृती करा’ हे उत्तर फार सोपं झालं. जनजागृतीची आणखी एक फेरी काढून हा आकडा हलेल असं आम्हाला वाटत नाही.

पहिल्या तिमाहीत गेलं तर बाईला हाती काय लागतं, ते तिच्या बाजूनं बघा. बाराव्या आठवड्यापर्यंत गर्भाशय ओटीपोटाच्या हाडाच्या वर जेमतेम डोकावतं, त्यामुळे पोट तपासून सांगण्यासारखं काही नसतं. नळीनं ठोके ऐकू यायला विसावा आठवडा उलटावा लागतो. रक्त काढतात, फॉलिक अ‍ॅसिडची पट्टी हातात देतात आणि ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणतात. बदल्यात एक दिवसाची मजुरी, जाण्यायेण्याचं भाडं आणि उलट्या होत असताना तीन तास रांग. मळमळ, थकवा सगळ्यात जास्त असतो तो नेमका सहाव्या ते बाराव्या आठवड्यात. तब्येत ठीक असेल तर ‘आत्ता जाऊन काय करू’ हा तिचा हिशेब चुकीचा असेल, पण तो हिशेबच आहे, अडाणीपणा नव्हे.

कळायलाच उशीर

पाळी चुकली की कळतं, हे ज्यांची पाळी घड्याळासारखी येते त्यांच्यापुरतं खरं.

अंगावर पाजणाऱ्या आईचं बघा. मूल सहा महिन्यांच्या आतलं, फक्त आईच्या दुधावर आणि पाळी सुरू झालेली नाही, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तोवरच दिवस जाण्याची शक्यता फार कमी असते. मुलाला वरचं अन्न सुरू झालं, रात्रीचं पाजणं कमी झालं की संरक्षण ढिलं पडतं. आणि बीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर दोन आठवड्यांनी येते. म्हणजे बाळंतपणानंतरची पहिली पाळी येण्याआधीच पुन्हा दिवस जाऊ शकतात. अशा बाईची पाळी चुकतच नाही, कारण ती आलेलीच नसते. पोटात हालचाल जाणवते तेव्हा तिला कळतं, आणि दुसऱ्या खेपेला ती साधारण सोळाव्या ते अठराव्या आठवड्यात जाणवते. त्याआधीची खूण कधी कधी अंगावरचं मूलच देतं: दूध कमी येतं, ते कुरकुरतं, सोडून देतं. घरात मात्र त्याचा अर्थ ‘दूध आटलं’ एवढाच लावला जातो.

दिवस राहू नयेत म्हणून अंतरा इंजेक्शन घेणाऱ्यांचं तसंच. दर तीन महिन्यांनी घ्यायच्या या इंजेक्शननं पाळी अनियमित होते, कित्येकींची बंदच होते. पुढचा डोस चुकला तरी पाळी नाही ती इंजेक्शनमुळेच, असं वाटत राहतं. शेवटच्या डोसनंतर पुन्हा दिवस जायला सरासरी सात ते दहा महिने लागतात, आणि त्या काळात चुकलेली पाळी ओळखायची कशी हा प्रश्नच असतो. पीसीओएसवाल्या मुलींची पाळी दोन-दोन महिने येत नाही. चाळिशी ओलांडलेल्या बाईला वाटतं, पाळी जायची वेळ झाली. आणखी एक फसवणूक म्हणजे गर्भ रुजताना होणारं थोडंसं डाग लागणं. ते ‘या वेळी कमी गेलं’ म्हणून पाळीत मोजलं जातं, आणि अख्खा महिना हिशेबातून गळतो.

तपासणीची पट्टी हा यावरचा स्वस्त उपाय. ‘निश्चय’ नावाची किट आशांकडे मोफत असते, मेडिकलमध्येही सहज मिळते. सकाळची पहिली लघवी, किटमधल्या ड्रॉपरनं सांगितलेले थेंब, पाच मिनिटांत वाचायचं. अर्ध्या तासानं उमटलेली पुसट रेघ धरायची नाही. चूक होते ती घाईत: पाळीच्या तारखेलाच तपासलं, निगेटिव्ह आलं आणि विषय संपला. निगेटिव्ह आलं आणि पाळीही आली नाही, तर आठवड्यानं पुन्हा करायचं. भरपूर पाणी पिऊन दुपारी केलेली तपासणीही चुकू शकते.

याच टप्प्यावरचं एक कारण बायका पहिल्या भेटीत सांगत नाहीत. मूल नको होतं म्हणून नवऱ्यानं मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्या आणल्या, त्या घेतल्या, अंगावरून गेलं, मोकळं झालो असं वाटलं. कधी कधी गर्भ तसाच वाढत राहतो. पुढची पाळी येत नाही ती अशक्तपणामुळे, अशी समजूत करून घेतली जाते आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात उलगडा होतो. या गोळ्यांतल्या मिसोप्रोस्टॉलमुळे गर्भात व्यंग राहण्याचा धोका असतो, म्हणून हे डॉक्टरांना सांगावंच लागतं. ओरडा बसेल या भीतीनं लपवलं तर सोनोग्राफीत काय शोधायचं तेच त्यांना कळत नाही. गर्भपात कायद्यानं करता येतो, सरकारी दवाखान्यात होतो. गोळ्या घेतल्या असतील तर दोन आठवड्यांनी गर्भाशय मोकळं झालं की नाही हे तपासणं हा त्याच उपचाराचा भाग आहे.

सांगायचं कुणाला?

‘तीन महिने होईपर्यंत बोलायचं नाही.’ दृष्ट लागते हे वरवरचं कारण झालं, आत दुसरंही आहे. खात्री झालेल्या गरोदरपणांपैकी साधारण दहा ते पंधरा टक्के आपोआप पडतात आणि त्यातले बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांतच. सगळ्यांना सांगून झालं आणि मग पडलं, तर पुढचे सहा महिने प्रत्येक हळदीकुंकवाला उत्तर द्यायचं असतं ते बाईनंच. गप्प राहण्यात शहाणपण आहेच. तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरतात तीही घरातल्या घरात, गाजावाजा न करता. गडबड होते ती पुढे: गावापासून लपवायचं ते आरोग्यसेविकेपासूनही लपतं.

आणि त्यात आशाची जागा अवघड आहे. हजार लोकवस्तीमागे एक आशा, ती त्याच गावची सून. म्हणजे कुणाची जाऊ, कुणाच्या भावकीतली, कुणाच्या सासूची शेजारीण. तिला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं, असा समज असतो. कधी तो खोटा असतो, कधी अगदी बरोबर. वहीत नाव लिहिताना अंगणवाडीत पाच जणी बसलेल्या असतील तर बाई ‘नाही हो ताई, अजून काही नाही’ म्हणणारच. विचारायचं तर घरी जाऊन, सासू समोर नसताना, आणि प्रश्न ‘दिवस गेलेत का?’ असा नको. ‘पाळी कधी आली होती शेवटची?’ याला उत्तर मिळतं.

दोन मुलींवर पुन्हा दिवस राहिले की गणितच बदलतं. गर्भलिंग तपासणीला १९९४ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी ती छुपेपणानं चालते आणि तिचा कारभार उरकेपर्यंत नोंद होऊ द्यायची नाही, हा काही घरांचा बेत असतो. एकदा तपासणीचं कार्ड निघालं की नंतर गर्भ कुठे गेला ते विचारलं जातं, म्हणून कार्डच काढायचं नाही. आरोग्य खात्याला हे ठाऊक आहे. दोन मुलींच्या आईची नोंद उशिरा झाली किंवा नोंदीनंतर चौथ्या महिन्यात ‘पडलं’ असं कळलं तर चौकशी होते. होणं बरोबरच आहे, पण तिचा एक उलटा परिणामही होतो. जिच्या मनात तसं काही नव्हतं तीही संशयाच्या नजरेला घाबरून लवकर येत नाही.

अठराच्या आतल्या मुलींचं याहून कठीण. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली होती. अशी मुलगी गरोदर म्हणून दवाखान्यात आली की पॉक्सो कायद्याप्रमाणे डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं, लग्न झालेलं असलं तरी. घरच्यांना हे माहीत असतं. मग एक तर मुलीला आणतच नाहीत, नाहीतर वय एकोणीस सांगतात. वय खोटं लिहिलं गेलं की कार्डावर तिची जोखीम दिसत नाही, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलीत रक्तदाब वाढणं, रक्त कमी असणं, दिवस भरण्याआधी कळा सुरू होणं याचं प्रमाण जास्त असतं. कळवणं बंधनकारक आहे, तसंच उपचार नाकारता येत नाहीत हेही तितकंच खरं. पहिली गोष्ट सगळ्यांना माहीत असते, दुसरी कुणी सांगत नाही.

पोचायला उशीर

इथं कागदपत्रांपासून सुरू करावं लागेल. नवी सून, आधार कार्ड माहेरच्या नावाचं, बँक खातंही माहेरच्या नावाचं. आधी नाव बदलून घेऊ, मग दवाखान्यात नाव घालू, असं म्हणत दीड महिना जातो. तपासणीला आधार लागत नाही. आधार आणि खातं लागतं ते मातृवंदना योजनेच्या पैशांसाठी. दोन्ही कामं एकाच खिडकीवर होत असल्यामुळे बायकांच्या मनात ती एक झाली आहेत, आणि कर्मचाऱ्यांच्याही.

योजनेची रचनाही मुळीच घाई करायला लावत नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात. २०१७ मध्ये सुरू झाली तेव्हा १,००० रुपयांचा पहिला हप्ता शेवटच्या पाळीपासून १५० दिवसांत नोंदणी केली तर मिळायचा. २०२२ पासूनच्या नव्या रूपात ३,००० रुपयांचा हप्ता नोंदणी आणि किमान एक तपासणी सहा महिन्यांत झाली तर मिळतो. भिंतीवर बारा आठवडे आणि पैशाला सहा महिने! दोन्ही ठिकाणी बारा आठवडे लिहिले असते तर काय झालं असतं, याचा अंदाज करायला फार डोकं लागत नाही. ज्यांना पैशाची गरज सगळ्यात जास्त, त्या सहा महिन्यांचीच मुदत पाळणार.

मग ओरडा. पाचव्या महिन्यात आलेल्या बाईला केसपेपर काढतानाच ऐकावं लागतं, ‘एवढे दिवस काय करत होतीस?’ हे वाक्य रांगेतल्या दहा जणी ऐकतात आणि घरी जाऊन सांगतात. त्यातल्या एखादीची जाऊ तिसऱ्या महिन्यात असते. ती विचार करते, आपल्यालाही उशीरच झालाय, आता एकदम सोनोग्राफीलाच जाऊ. उशीर झालेलीला रागावल्यानं पुढची लवकर येत नाही, ती आणखी उशिरा येते.

पोचण्याच्या अडचणीचं सगळ्यात उघडं रूप बघायचं तर ऊसतोड घ्या. बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर इथल्या टोळ्या दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात, परततात मार्च-एप्रिलमध्ये. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली जाते ती नवरा-बायकोच्या जोडीवर, म्हणजे एका कोयत्यावर. बायको दवाखान्यात गेली तर त्या दिवशी नवऱ्याचं कामही अडतं, कारण तो तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. काम बुडालं की खाडा धरला जातो आणि तो उचलीतून वळता होतो. म्हणजे एका तपासणीची किंमत दोघांची मजुरी आणि वर दंड. सप्टेंबरात पाळी चुकलेली बाई फडावर जाते, पहाटेपासून मोळ्या वाहते आणि गावी परतते तेव्हा तिला सातवा-आठवा महिना असतो. मधल्या काळात तिचं नाव गावच्या यादीत ‘स्थलांतरित’ असतं, आणि कारखान्याच्या गावातल्या यादीत ती नसतेच.

इथं करता येण्यासारखं काम टोळी निघायच्या आधी असतं. दसऱ्याच्या आसपास कोण कोण जाणार याची यादी मुकादमाकडे तयार असते. त्या यादीतल्या प्रत्येक बाईची शेवटच्या पाळीची तारीख विचारून, शंका असेल तिथे किट वापरून, जाण्याआधी हिमोग्लोबिन, रक्तगट आणि बीपी कार्डावर लिहून द्यायचं. दुसऱ्या तिमाहीत असेल तर चार महिन्यांच्या गोळ्या सोबत: रोज एक लोहाची म्हणजे १२०, रोज दोन कॅल्शियमच्या म्हणजे २४०. माता-बाल संरक्षण कार्ड कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत राहतं, भिजतं, हरवतं. म्हणून त्याच्या पहिल्या पानांचा फोटो नवऱ्याच्या मोबाइलमध्ये हवा. कार्डावरचा बारा आकडी आरसीएच क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीचा क्रमांक, दिसला तर दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रालाही जुनी नोंद सापडते. ‘तू इथली नाहीस’ म्हणून कुठल्याही सरकारी केंद्राला तपासणी नाकारता येत नाही.

मुंबई-पुण्यात अंतर कमी पण वार ठरलेले. नवीन नोंदणी आठवड्यातल्या अमुक दिवशीच, सकाळी अमुक वाजेपर्यंतच. घरकाम करणारीला नेमक्या त्याच वेळी चार घरची भांडी असतात. शिवाय पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाणार असते. बाळंतपण तिकडे आहे तर नावही तिकडेच घालू, असं म्हणून सासरी नाव घातलंच जात नाही. नोंदणी एका ठिकाणी आणि बाळंतपण दुसऱ्या ठिकाणी, याला काहीही हरकत नसते.

एक खुलासा इथं करायला हवा. सरकारी नोंद उशिरा झाली म्हणजे तपासणी उशिरा झाली असंच नाही. बऱ्याच जणी आधी तालुक्याच्या खासगी डॉक्टरकडे जाऊन आलेल्या असतात. याच्या उलटही घडतं: आशाच्या वहीत आठव्या आठवड्यात नाव लागतं, पण बीपीचा पट्टा दंडाला गुंडाळला जातो तो पाचव्या महिन्यात. आणि कधी कधी टक्केवारी बरी दिसावी म्हणून पाळीची तारीखच दोन आठवडे पुढे सरकवली जाते. कागदावर ती बारा आठवड्यांत बसते, पण बाळंतपणाची तारीखही दोन आठवडे पुढे जाते. खरे ४१ आठवडे भरलेले असताना कार्ड ३९ दाखवतं आणि सगळे निवांत वाट बघत बसतात. उशिरा नोंद परवडली, खोटी तारीख नको.

उशिराची किंमत

फॉलिक अ‍ॅसिडबद्दल आधी स्पष्ट बोलू. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळीच्या हिशेबानं सहाव्या आठवड्यात. बाराव्या आठवड्यात गोळी सुरू करणारीला त्या बाबतीत फायदा मिळत नाही. रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी मूल हवंय असं ठरवलं तेव्हापासूनच घ्यायची. लग्नानंतर पहिल्या भेटीतच आशानं ती का देऊ नये?

तारीख ठरवण्याचा मुद्दा त्याहून मोठा. पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी गर्भाची लांबी मोजून पाच-सात दिवसांच्या फरकानं वय सांगते. तिसऱ्या तिमाहीत तोच फरक तीन आठवड्यांपर्यंत जातो. पाळीची तारीख आठवत नाही आणि पहिली सोनोग्राफी आठव्या महिन्यात, अशा बाईचं बाळ लहान दिसलं तर ते दिवसांनी लहान की वाढ खुंटली म्हणून लहान, हे ठरवता येत नाही.

काही उपाय ठरावीक आठवड्यांतच लागू पडतात. आधीच्या खेपेला बीपी खूप वाढलं होतं, जुनाच रक्तदाब आहे, मूत्रपिंडाचा आजार आहे, जुळं आहे, अशा बायकांना डॉक्टर अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी देतात. ती बाराव्या आठवड्यानंतर आणि शक्यतो सोळाव्याच्या आत सुरू झाली तर जास्त उपयोगी. पाचव्या महिन्यात आलेल्या बाईची ही सगळ्यात चांगली वेळ हुकलेली असते. नंदुरबार, पालघर, गडचिरोलीत सिकलसेलचा वाहक असणं नेहमीचं. आई वाहक निघाली तर वडिलांची तपासणी, दोघेही वाहक तर गर्भाची तपासणी अकराव्या आठवड्यापासून करता येते. या साखळीला रिपोर्ट, प्रवास, समुपदेशन धरून चार-पाच आठवडे सहज लागतात. गर्भपाताच्या कायद्यात २० आणि काही परिस्थितींत २४ आठवड्यांच्या मर्यादा आहेत, त्यापुढे गंभीर व्यंग असेल तरच, वैद्यकीय मंडळाच्या परवानगीनं. अठराव्या आठवड्यात पहिलं रक्त दिलं तर निर्णयाला वेळ उरतो कुठे?

रक्त कमी असण्याचं गणित सगळ्यात सोपं. हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय, ७ ते ९.९ मध्यम, ७ च्या खाली तीव्र. समजा चौदाव्या आठवड्यात ८ आहे. लोहाच्या रोज दोन गोळ्या, ६० मिलिग्रॅम लोह असलेल्या, नीट घेतल्या तर महिन्याला साधारण १ ग्रॅम वाढ मिळते. तीस आठवड्यांपर्यंत ती अकराच्या आसपास पोचते, खर्च जवळजवळ शून्य. तीच बाई बत्तिसाव्या आठवड्यात ८ घेऊन आली तर गोळ्यांना वेळच नाही, शिरेतून लोह द्यावं लागतं. तेव्हा ७ च्या खाली असेल तर दाखल करणं, आणि ५ च्या खाली गेलं तर कितव्याही महिन्यात तातडीनं दाखल करून रक्त चढवायची तयारी. गोळ्या गुण देत नाहीत त्याची कारणंही ठरलेली: चहासोबत घेतल्या, कॅल्शियमसोबत घेतल्या किंवा शौच काळी झाली म्हणून घाबरून सोडल्या. लोह आणि कॅल्शियममध्ये किमान दोन तास हवेत.

पहिल्या भेटीत काय व्हायला हवं

पाळीची तारीख आठवत नसेल तर सणांवरून काढतात: आषाढीच्या आधी की नंतर, नागपंचमीला बाजूला होतीस का. वजन, उंची. बीपी पाच मिनिटं बसवून, पाठ टेकवून, बाही वर करून. लघवीत प्रथिनं आणि साखर. रक्तात हिमोग्लोबिन, गट, एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ-बी, आणि त्या त्या भागात सिकलसेल किंवा थॅलेसेमिया. साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. १४० किंवा जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. निगेटिव्ह रक्तगट असेल तर नवऱ्याचा गट लगेच. धनुर्वात-घटसर्पाच्या टीडी इंजेक्शनचा पहिला डोस, दुसरा चार आठवड्यांनी. जंताची ४०० मिलिग्रॅमची गोळी मात्र पहिली तिमाही संपल्यावरच. हे सगळं एका फेरीत झालं तर बाईला येण्यात अर्थ वाटतो. रक्त आज, रिपोर्ट परवा, सोनोग्राफी पुढच्या मंगळवारी, असं झालं की चार मजुऱ्या जातात, आणि ती ही गोष्ट जावेला सांगते.

आशाला आपल्याकडे नोंदी कमी होतात का हे घरबसल्या पडताळता येतं. जन्मदर हजारी १५ धरला तर तिच्या हजार वस्तीत वर्षाला १५ जन्म, पडणारे धरून साधारण १६-१७ गरोदर. कुठल्याही महिन्यात वहीत सातआठ जणी दिसायला हव्यात. चारच असतील तर उरलेल्या शोधायच्या त्या या चार-पाच प्रकारच्या घरांत: नवं लग्न झालेलं, मूल सात-आठ महिन्यांचं असलेलं, तांबी काढलेलं किंवा अंतरा सोडलेलं, दोन मुलींचं, आणि बाहेरगावाहून कामाला आलेल्यांचं.

आधीच उशीर झालेली असेल तर

पाचवा चालू असो की आठवा, त्याच दिवशी जावं. नऊ तारखेची वाट बघू नये. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या बायकांना डॉक्टर तपासतात, ते चांगलंच, पण पहिलं रक्त आणि बीपी उपकेंद्रातही होतं. सिफिलिस निघाला तर पेनिसिलिनचं इंजेक्शन बाळंतपणाच्या किमान ३० दिवस आधी मिळायला हवं, तेव्हा आठव्या महिन्यातली तपासणीसुद्धा बाळाला वाचवू शकते. एचआयव्ही निघाला तर औषधं त्याच दिवशी सुरू होतात. गट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन २८ व्या आठवड्यात देतात. ते हुकलं असेल तर पुढे कधी द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, आणि बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाल्यास जन्मानंतर ७२ तासांत द्यायचं ते वेगळंच. जुने कागद, खासगी डॉक्टरची चिठ्ठी, मेडिकलच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, जे असेल ते पिशवीत घालून न्यायचं. डोकं दुखणं, डोळ्यापुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, अंगावरून जाणं, पाणी जाणं किंवा बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काही असेल तर केसपेपरच्या रांगेत न थांबता थेट प्रसूतिकक्षात सांगायचं. वाहन हवं असेल तर १०२ किंवा १०८, दोन्ही मोफत.